खालच्या खणातली माणसं

निळा ठिपका कार्डाच्या कोपऱ्यातून जरासा ओघळला होता – पेन गळत असावं, की हातच घाईत होता... डॉक्टरबाईंनी त्यावरून अंगठा फिरवला. वर्षभर जो पेशंट फिरकला नाही त्याच्या कार्डावर असा ठिपका द्यायचा आणि कार्ड खालच्या खणात टाकायचं, ही रीत त्यांनीच पाडलेली. आला नाही म्हणजे तक्रार नाही, तक्रार नाही म्हणजे माणूस ठणठणीत. किती सोपं वाटलं होतं तेव्हा.

आणि आता संगणकाच्या पडद्यावर पाच देशांचे पाच रकाने. प्रत्येक देशातला एकेक फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना. मधुमेह असून धडधाकट माणसं कुठे किती, याची तुलना. त्यांचा दवाखाना सगळ्यांत वर. तक्ता बाराच्या आत पाठवायचा. तळटीप मात्र त्यांनी आज सकाळीच नीट वाचली – इतर चौघे न आलेल्याला फोन करतात, नर्स घरी जाते, आणि ज्याचा पत्ता लागत नाही त्याला 'माहीत नाही'मध्ये धरतात. बाईंच्या रकान्यात तिथे शून्य होतं; खालचा खण सगळा धडधाकटांत धरलेला.

मोठे डॉक्टर दारातून डोकावले. "गेला का तक्ता?"

"एकदा बघते, सर."

"अहो, पहिला नंबर आलाय, आणि तुमचा चेहरा नापास झाल्यासारखा."

ते गेले. हातातलं कार्ड शिंप्याचं होतं. तीन वर्षांपूर्वी शेवटचा आलेला. साखर तपासायला बसला तरी नजर बाईंच्या कोटाच्या उसवलेल्या बाहीवर, आणि म्हणे, आधी तुमचा इलाज करतो... बाईंनी नंबर फिरवला.

फोन त्याच्या बायकोने उचलला. "शिवणकाम बंद आहे हो त्यांचं. एक डोळा गेला. दुसऱ्याने उजेड तेवढा कळतो."

"वहिनी, अहो, मग आला का नाहीत?"

"मी मागे लागले होते. हे म्हणायचे, काही असतं तर बाईंनी बोलावलं नसतं का?"

म्हणजे तो तिकडे बाईंच्या हाकेची वाट बघत, आणि बाई इकडे त्याच्या पावलाची. आणि मधल्या त्या शांततेलाच दोघांनी तब्येत म्हटलं...

"आजच घेऊन या त्यांना."

"आणते. पण बाई, दिसेल का आता?"

"आधी आणा तर," बाई म्हणाल्या. फोन ठेवला तेव्हा बाराला वीस मिनिटं होती. खणात आणखी दोनशे अकरा कार्डं. व्हरांड्यात मोठ्या डॉक्टरांच्या चपला वाजत जवळ येत होत्या, आणि बाईंना नवल वाटलं, की त्या आवाजाची आपल्याला आता भीती वाटत नाही. भीती होती ती वेगळीच – दुसऱ्या कार्डावरचा नंबर लावला होता, तिकडे घंटी वाजत होती, आणि कुणीतरी उचलावं म्हणून त्यांचा जीव तुटत होता, आणि कुणी उचलू नये म्हणूनही.