हट्ट्याच्या मंडळीची मौतीची पेटी

मित्रांनो, मला बघून मागं सरू नका. माझ्यात आता कुणी नाही. मी बाभळीच्या लाकडाची लांबट पेटी आहे, हट्टा गावच्या ख्रिस्ती मंडळीची मौतीची पेटी. गावातल्या बाकीच्या लाकडांचे नांगर झाले, पाळणे झाले, दारं झाली. माझ्या वाट्याला हे काम आलं. कुणीतरी ते करायलाच हवं होतं.

तेव्हा आमच्या मुलखात निजामाचं राज्य होतं. आमच्या गल्लीत कुणी गेलं की त्याला घरच्याच बाजेवर घालून न्यायचे. पाय बाजेबाहेर लोंबकळायचे, पावसात अंगावरचं कापड भिजून जायचं. मंडळीचे पहिले कारभारी दगडोबा यांना ते बघवेना. ओढ्याकाठी एक बाभूळ उन्मळून पडली होती. जहांगीर सुतारानं तिच्या फळ्या काढून मला घडवलं, चारी कोपऱ्यांना कड्या ठोकल्या आणि मौतीच्या कामाची मजुरी नको म्हणाला.

पण गल्ली गरीब. प्रत्येकाला आपली पेटी कुठून मिळणार? म्हणून गेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळून माझ्यात ठेवत, कबरीपाशी नेऊन बाहेर काढत आणि मातीत उतरवत. मग मला धुऊन उन्हात वाळवत आणि प्रार्थनाघरामागच्या छपरीत परत ठेवत. कितीतरी जणांना मी कबरीच्या काठापर्यंत पोचवलं. आत मात्र कधी उतरले नाही.

छपरी उघडीच असे. मोठी माणसं मला बिचकत, पण लेकरांना कसली भीती? ती माझ्यावर बसून चिंचा खात. एकदा लपंडाव खेळताना गल्लीतल्या तातेरावची लेक रिबका माझ्यात शिरली, झाकण ओढून घेतलं आणि चक्क झोपी गेली. सारी गल्ली तिला शोधू लागली. तातेराव तिच्या नावानं हाका मारत विहिरीत डोकावून आला. शेवटी त्यानं माझं झाकण उचललं, तर पोरगी गाल फळीला टेकवून घोरत होती. त्यानं तिला उचललं, दोन शिव्या घातल्या आणि तिला पोटाशी धरून तिथंच खाली बसला. माझ्यात निजलेलं जिवंत माणूस ते एकच.

पुढं दगडोबा थकले. महिन्यातून एकदा वसमतहून बैलगाडीनं येणाऱ्या पाळकसाहेबांनी एका रविवारी तातेरावला मंडळीपुढं गुडघे टेकायला लावले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्याला कारभारी नेमलं. प्रार्थनाघराची दिवाबत्ती, लग्नाची आणि मौतीची व्यवस्था, सगळं त्याच्याकडं आलं. मीही आले. त्याचे डोळे भरून आले होते. मला तो आवडला. अजूनही आवडतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याच्यावर रागवाल.

तातेरावला वाटे, दगडोबांनी सगळं फार सैल सोडलंय. मंडळीतून ज्याला बाहेर काढलं त्याला पेटी द्यायची नाही, असा नियम होता. दगडोबांनी तो कधी मनावर घेतला नव्हता. तातेरावनं घेतला. त्यानं माझ्या छपरीला दार बसवलं, कुलूप आणलं आणि चावी करदोड्याला बांधली.

दगडोबा हसून म्हणाले, "तातेराव, हिला कोन पळवून नेतंय बाबा?"

तातेराव हसला नाही. एवढं मोठं काम आपल्यावर सोपवलंय, त्यात चूक होऊ नये, या धाकानं तो बिचारा दडपून गेला होता.

त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली. गल्लीतल्या चतुराबाईचा नातू आजारी पडला. तिच्या मुलानं, सुदामनं, घाबरून मरीआईला नारळ फोडला. लेकरू वाचलं, पण मंडळीनं सुदामला बाहेर काढलं. थोड्याच दिवसांत पटकीनं त्यालाच नेलं. चतुराबाई तातेरावच्या समोर येऊन उभी राहिली. तिनं रडारड केली नाही, नुसती पेटी मागितली.

तातेरावनं मान खाली घातली. "नियम समद्यांना बराबर हाय, चतुरामाय. उद्या माझ्या घरात असं झालं तरी मी हेच करीन. शब्द देतो."

सुदाम बाजेवर गेला. दाराआडून मला नुसते पायांचे आवाज ऐकू आले. मी रिकामी होते आणि कामाची होते, पण मला कुणी विचारलं नाही.

वर्षं गेली. रिबका मोठी झाली आणि आखाडा बाळापूरच्या एका मुलाशी तिनं लग्न केलं. तो मंडळीतला नव्हता. हळद लागली, बाशिंग बांधलं गेलं. पुढच्या रविवारी तातेराव स्वतः उभा राहिला आणि तिला मंडळीतून काढल्याचं त्यानं स्वतःच्या तोंडानं जाहीर केलं. त्याचा आवाज चिरकला, पण तो थांबला नाही. त्या दिवसापासून त्यानं लेकीशी बोलणं सोडलं.

रिबकाला दिवस गेले तेव्हा तिच्या आईनं, मनकर्णानं, भांडून तिला बाळंतपणासाठी माहेरी आणलं. बाप लेकीकडं पाठ करून जेवायचा. ती त्याचं ताट वाढून दाराशी थांबायची. एक दिवस ती प्रार्थनाघर सारवायला आली आणि छपरीच्या दाराच्या फटीतून आत बघत मला म्हणाली, "अजून हाईस का गं? बा तुझ्याशी तरी बोलतेत का?"

मला उत्तर देता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

बाळंतपणात रिबका गेली. बाळही गेलं.

पावसाची झड लागली होती, फार थांबता येत नव्हतं. गल्ली दारात जमली. मनकर्णानं नवऱ्यापुढं हात पसरला. "चावी द्या," एवढंच म्हणाली. तातेरावचा हात करदोड्यावर गेला आणि तिथंच राहिला. चतुरामायला काय तोंड दाखवू, असं तो पुटपुटत होता.

तेवढ्यात चतुराबाईच पुढं आली. "त्या दिशी मला पेटी पायजे व्हती, तातेराव. माझ्यावानी दुसऱ्या मायनं रडावं, असं म्या कवा म्हनलं? काढा चावी."

"शब्द दिला व्हता, चतुरामाय."

"कोनाला? मलाच ना? मंग म्या सोडला तुमाला."

तिनं सोडलं, पण तातेरावला स्वतःला सोडता आलं नाही. आपल्या लेकीसाठी आज कुलूप उघडलं तर सुदामला दुसऱ्यांदा बाजेवर घातल्यासारखं होईल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. तो भिंतीला टेकून खाली बसला. शेवटी चतुराबाईनं आपल्या घरची बाज आणून दिली. सुदामला नेलेली तीच बाज. बाळाला उराशी देऊन रिबकाला त्या बाजेवर नेलं. मित्रांनो, मी हाकेच्या अंतरावर होते. पाऊस माझ्या छपरावर वाजत होता आणि ती तिकडं भिजत होती.

माती देऊन आल्यावर तातेराव एकटाच छपरीत आला. कुलूप काढलं. माझं झाकण उचललं आणि, लपंडावाच्या त्या दिवशी बघितलं होतं तसंच, वाकून आत बघितलं. "रिबका," त्यानं हाक मारली. मग डोकं माझ्यात घालून तो असा रडला की माझ्या फळ्या हलल्या.

ते कुलूप पुन्हा लागलं नाही. पेटी कुणालाही नाही म्हणायची नाही, असं त्यानं मंडळीकडून कबूल करून घेतलं. कारभार काढून घ्या, अशी त्यानं पाळकसाहेबांना विनवणी केली, पण त्यांनी ऐकलं नाही. मग कुणी गेल्याचं कळलं की मागायच्या आधी तो मला त्या घरी पोचवू लागला. गल्ली कोणती, देव कोणता, विचारत नसे.

सन अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात तातेराव गेला. रस्त्यावर रझाकारांची भीती होती, पाळकसाहेब येऊ शकले नाहीत. म्हाताऱ्या जहांगीर सुतारानं त्याला खांदा दिला. "मला बाजेवरच न्या," असं तातेराव मनकर्णाला सांगून गेला होता. तिनं ते पाळलं. पण चतुराबाईनं चौघांना मलाही उचलायला लावलं. बाजेच्या पुढं मी रिकामी निघाले. कबरस्तानात तिनं मला, उशिरा का होईना, रिबकाच्या कबरीशेजारी ठेवलं, झाकण उघडलं आणि तातेरावला माती देऊन होईपर्यंत तसंच उघडं ठेवलं.

आता मी जुनी झालेय. एका कोपऱ्याला वाळवी लागलीय, दोन कड्या गळाल्यात. पण मला माझी काळजी नाही. मोठे झालात की तुमच्याही हाती कसली तरी चावी येईल. तेव्हा दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडं आधी बघा. आणि ज्याच्याशी बोलायचं आहे, त्याच्याशी ते माणूस समोर असताना बोला.

तातेराव शेवटपर्यंत रोज संध्याकाळी दिवा लावायला आला की छपरीत माझ्यापाशी बसायचा. रिबका, जेवलीस का, म्हणायचा. आज ऊन फार होतं गं, म्हणायचा. सगळं सांगायचा आणि मी सगळं ऐकायची. पण मित्रांनो, मी पेटी आहे.