जोड बसतीया न्हवं?

कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या मागच्या गल्लीत, झुंबरबाईला लहानथोर सगळेच आक्का म्हणत. मुलगा उसाच्या ट्रकवर, सून कापडाच्या दुकानात, त्यामुळे नात दीप्ती आक्काच्याच हाताखाली वाढली. ती बॉक्सिंग शिकायला लागली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली. "पोरीच्या जातीनं तोंड फोडून घ्यायचं व्हय?" म्हणाल्या. आक्का म्हणाली, "फोडून घ्यायला कशाला? फोडायला जातीया ती."

दीप्तीचं अंगचं वजन चौपन्न किलोच्या गटात बसणारं. पण त्या गटात इचलकरंजीची चंदना होती, आणि चंदनाने दीप्तीला दर स्पर्धेत बडवून परत पाठवलं होतं. या वर्षी दीप्तीला शिकवणारे विजयसिंह सर घरीच आले. ओसरीवर बसून चहा पीत म्हणाले, "आक्का, चौपन्नात पोरगी पुन्हा मार खाणार. एक्कावन्नात कोण न्हाय बघा, एक नवी पोरगी तेवढी. जिंकली की सरळ राज्य स्पर्धा. तेवढं वजन उतरवायचं तुमच्याकडं लागलं."

"उतरवतो की," आक्का म्हणाली. तिला बरं वाटलं. या वयात कुणी काही काम सांगितलं की बरंच वाटतं.

मग तिने नातीला वाळवायला घेतली. वाळवायचं हाच शब्द घरात रुळला. आधी ताटातलं मीठ गेलं, मग भात गेला, मग भाकरी चतकोरावर आली. अंगावर स्वेटरवर स्वेटर चढवून दीप्ती राजाराम बंधाऱ्यापर्यंत पळत जायची आणि घामाने चिंब होऊन परत यायची. शेवटी शेवटी तर प्यायचं पाणीही बंद झालं. "तोंडात घ्यायचं, खेळवायचं आणि थुकायचं. घोट गिळायचा न्हाय," आक्का बजावायची, आणि नात चूळ भरताना तिच्या गळ्याकडे बघत उभी राहायची. पोरीच्या ओठांची सालं निघाली, गाल आत गेले. सून एकदा म्हणाली, "आत्या, बघवंना हो." आक्का म्हणाली, "मग बघू नगंस."

खरं तर तिच्या माहेरी विद्या होती ती माणसं वाढवायची. कोडोलीचे बाबासो वस्ताद तिचे वडील. घरात सात-आठ पोरं तालमीतली, त्यांच्यासाठी बदाम वाटून वाटून आक्काच्या आईच्या हाताला घट्टे पडले होते. आणि बाबासोंचं खरं नाव होतं ते जोड लावण्यात. जत्रेच्या मैदानात तेव्हा वजनाचा काटा नसायचा. बाबासो दोन पोरं समोरासमोर उभी करायचे. मनगट धरून बघायचे, मानेवर थाप द्यायचे, चार पावलं चालवून मागून बघायचे. मग दोघांचे हात धरून मैदानभर फिरवायचे आणि मोठ्याने विचारायचे, "जोड बसतीया न्हवं?" कुणीही उत्तर द्यावं. शेंगा विकणाऱ्यानेही 'न्हाय बसत' म्हटलं तर बाबासो थांबायचे, पुन्हा मनगट बघायचे. बायकांना मैदानात मज्जाव होता. आक्का देवळामागे सोडलेल्या बैलगाडीच्या साटीवर उभी राहून बघायची. एकदा गावच्या पुढाऱ्याने आपल्या दांडग्या पोरासमोर एक कोवळं पोर आणून उभं केलं. बाबासोंनी त्याचं मनगट धरलं आणि लगेच सोडलं. "ही कुस्ती न्हवं, मार हाय," म्हणाले आणि पागोटं सावरत मैदानाबाहेर निघून गेले. सगळं मैदान त्यांच्या बाजूने ओरडलं होतं. आक्काला तो आवाज अजून ऐकू येई.

स्पर्धा शहरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. सकाळी वजनं, दुपारी लढती. पोरींची वजनं आतल्या वर्गात, पडदे ओढून, बाईमाणसांसमोर. आक्का बाहेर पायरीवर पिशवी सांभाळत बसली. दीप्ती बाहेर आली ती दोन्ही हात वर करूनच. "बसलं, आक्का! काटा एक्कावन्नावर टेकला आणि थांबला." आणि तिने पिशवीवर झडपच घातली. शहाळ्याचं पाणी, केळी, अंडी, चपात्या. तासाभरात तिच्या गालांवर रंग चढला. दुपारपर्यंत तिचं मूळचं अंग पुन्हा भरणार होतं. सगळा डाव त्यावरच तर होता.

पायरीच्या दुसऱ्या टोकाला एक बाई लेकीला घेऊन बसली होती. डब्यातून भाकरी काढून ती लेकीला भरवत होती.

"मावशी, तुमची पण आजच हाय व्हय?" तिने विचारलं.

"व्हय. एक्कावन्नात."

"अगं बाई, आमची बी! ही रूपाली," ती सोयरीक जुळल्यासारखी हसली. "खरं म्हंजे ही अठ्ठेचाळीसची. नाव देताना काट्यावर जराशी ज्यादा भरली. तिचं सर म्हणालं, दोन दिस उपाशी ठेवा, बसंल. मी म्हणलं, पोरीला उपाशी ठेवून कुणासंगं भांडाय पाठवू? हाय तशी उभी केली. मग टाकली वरच्या गटात."

"पावणं कुठलं?" आक्काने विचारलं.

"कोडोली."

आक्का तिच्याकडे वळून बसली. "माझं म्हायार."

"कुणाच्या वो तुम्ही?"

"बाबासो वस्तादाची लेक."

बाईने डबा खाली ठेवला, डोक्यावरून पदर घेतला आणि वाकून आक्काच्या पायाला हात लावला. "मी यल्लव्वा. गावचीच सून, म्हंजे तुम्ही आमच्या आत्याबाईच की! आमचं मामंजी मरंस्तवर सांगायचं, बाबासोनं लावल्याल्या जोडीला कुणी नाव ठिवलं न्हाय." तिने डब्यातल्या दोन भाकऱ्या आणि खर्डा फडक्यात बांधला आणि नको नको म्हणताना आक्काच्या पिशवीत घातला. "म्हायारची हाय, न्हाय म्हणू नगासा."

मग तिला काहीतरी सुचलं. तिने दोन्ही पोरींना हाक मारून समोर उभं केलं. "आत्याबाई, मला ह्या खेळातलं काय कळत न्हाय. तुम्ही वस्तादाची लेक. तुम्हीच बघा आणि सांगा. जोड बसतीया न्हवं?"

रूपालीने हात पुढे केला. आक्काने तो धरला. मनगट एवढंसं, दोन बोटांच्या वेढ्यात मावणारं, आणि आत नाडी चिमणीसारखी उडत होती. दुसऱ्या हातात दीप्तीचं मनगट होतं. ते धरायची गरजही नव्हती. दीप्ती आजीकडे टक लावून बघत होती. पलीकडे खांबाला टेकून विजयसिंह सर बघत होते. गेल्या कित्येक दिवसांतली पोरीची तहान, बंधाऱ्यापर्यंतची ती धाव, सगळं आक्काच्या डोळ्यांपुढे आलं.

"बसतीया की," ती म्हणाली. "काट्यानंच लावलीया."

"मग झालं," म्हणत यल्लव्वाने लेकीच्या पाठीवर थाप मारली. "आता बिनघोर खेळ."

दुपारी लढत झाली. पहिल्या राऊंडला रूपाली चपळ होती. दोनदा आत शिरून तिने दीप्तीच्या गालावर फटका ठेवला, तेव्हा यल्लव्वा खुर्चीवरून अर्धी उठली आणि आक्काच्या खांद्याला धरून म्हणाली, "बघा, बघा, कशी जातीया!" दुसऱ्या राऊंडला दीप्तीने नुसता अंगाचा भार टाकायला सुरुवात केली. एक ठोसा बरगडीत बसला आणि रूपाली जागच्या जागी वाकली. रेफ्रीने आकडे मोजले. तिने मान हलवून खेळते म्हणून सांगितलं. पुढचा ठोसा तोंडावर बसला. ती दोरावर गेली, दोराने तिला परत पाठवलं, आणि परत आली ती दीप्तीच्या ग्लोव्हवरच. नाकातून रक्ताची धार लागली.

'ही कुस्ती न्हवं, मार हाय.' आक्काच्या जिभेवर शब्द होते. ओरडायला तिला कुणी मनाई केली नव्हती. इथे ती बैलगाडीवर लपून बघत नव्हती, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती. पण तोंड उघडलं नाही. शेवटी रेफ्रीनेच दोन्ही हात हलवून लढत थांबवली. गल्लीतून आलेली पोरं शिट्ट्या मारत नाचायला लागली. कुणीतरी पेढ्याचा पुडा फोडला आणि पहिला पेढा आक्काच्या हातावर ठेवला. तो तिने तसाच मुठीत धरून ठेवला, पार चिकट होईपर्यंत.

थोड्या वेळाने यल्लव्वा लेकीला घेऊन आली. रूपालीच्या नाकात कापूस होता, डोळ्याखाली फुगलं होतं. यल्लव्वाचे डोळे लाल होते, तरी ती बळेच हसली. "चालायचंच, आत्याबाई. जोड बरोबर हुती. आमचीच कमी पडली. रूपे, पाया पड, म्हाताऱ्या माणसाचा आशीर्वाद घे."

पोर वाकली. आक्काने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"पडू नगंस पाया. जोड न्हवती."

"काय म्हणलासा?"

"न्हवती बसत जोड. मनगट धरलं तवाच कळलं मला. माझी नात चौपन्नाची हाय. मीच वाळवून आणलीया तिला."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. दीप्ती गळ्यातलं पदक हातात धरून तिथेच उभी होती. यल्लव्वाला आधी काही उमगलं नाही. मग उमगलं, आणि तिचं तोंड हळूहळू बंद झालं. बोलली ती रूपाली, कापसामुळे नाकातून.

"मग तवा का न्हाय बोललासा, आज्जी?"

पोरीच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती ती. आक्काने उत्तर शोधलं. म्हातारपण, नातीची माया, सरांची नजर, काटा. एकही सांगण्याजोगं नव्हतं. यल्लव्वाने लेकीचा हात धरला. शिवी दिली असती तर आक्काला सोसलं असतं. ती नुसती पदर सावरत चालू लागली आणि दारातून जाताना मागे वळली नाही.

रिक्षात दीप्ती आक्काकडे पाठ करून बसली. गल्लीच्या तोंडाशी फुटली.

"सगळ्यांच्या म्होरं माझं पदक मातीत घातलंस. नियमात हाय सगळं! चंदना काय चौपन्नाची हाय व्हय? ती सत्तावन्नाची. ती बी वाळवूनच येती. तिनं मला दोरावर घेऊन मारलं तवा कुठं गेलतं तुझं जोड बसवणं? तवा तर घरी येऊन हळद लावलीस नुसती."

गल्लीतल्या पोरांनी फटाक्याची माळ आणली होती. रिक्षा थांबली तशी ती लावली. आक्का धुरातून खाली मान घालून घरात गेली.

सकाळी तिने आमटी केली. डाळीत मीठ घातलं, नेहमीसारखं, चवीपुरतं. कोडोलीच्या भाकऱ्या फडक्यात तशाच होत्या. त्यातली एक तिने तव्यावर शेकली आणि दीप्तीपुढे ताट ठेवलं.

"जेव. मी न्हाय आता वाळवणार तुला. सरांना सांग, चौपन्नात खेळायचं. मार खाल्लास तरी चालंल. राज्य स्पर्धेला ती कोडोलीची जाऊ दे."

दीप्तीने आमटीत बोट बुडवून जिभेला लावलं. "मीठ घातलंस."

"घातलं."

तिने ताट बाजूला सारलं. रागाने नाही, परक्या घरी नको असलेलं सारावं तसं. "तू नगंच वाळवूस, आक्का. माझं मला येतंय आता सगळं." मग ती उठली. खुंटीवरचा एक स्वेटर अंगात घातला, त्यावर दुसरा. तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, मान मागे टाकून घसा न हलवता बराच वेळ खेळवलं, आणि मोरीत जाऊन सगळंच्या सगळं थुंकून टाकलं. मग ती बंधाऱ्याच्या रस्त्याने पळत निघाली.

आक्का ताटापाशी बसून होती. घोट गिळला का म्हणून बघायला तिने मान वर केली नव्हती. पोरीने तो गिळला नसणार, हे तिला ठाऊक होतं.