अंबाडीचा दोर

सन छत्तीसच्या पोळ्याला आठ दिवस उरले, तरी आमच्या बैलांना नवा दोर नव्हता. दोर वळणारे माझे मालक, जगदेवराव, ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. धाकटा भाऊ पटकीनं गेला, तेव्हापासून तीन महिने ना बोलणं, ना काम.

सासूबाईंची माया मोठी. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांना उचलू देत नसत. "बसू दे माह्या लेकराले," म्हणायच्या. बसून बसून माणूस वाळत चालला होता, पण मायेपुढे कोण बोलणार? ह्यांचे थोरले भाऊ रामराव यांनी तर ठरवूनच टाकलं: पोळा झाला की जऊळक्याहून आगगाडीनं नागपूरला, वेड्यांच्या इस्पितळात. मला कुणी विचारलंही नाही.

माझं डोकं फिरलं. अंबाडीच्या सालीचा वाक भिजवला, ह्यांच्यापुढे बसले आणि एक टोक त्यांच्या मुठीत कोंबलं.

"धरा. एकटीनं नाई होत हे."

मूठ उघडीच राहिली. टोक सुटलं, पीळ उलगडला. दुसऱ्या दिवशीही तेच. सासूबाई धावून आल्या. "काहून छळून राह्यली त्याले?"

"मंग तुमी धरता का टोक?"

त्या फणकारून आत गेल्या.

चौथ्या दिवशी मूठ मिटली. चुलीवरचं दूध उतू गेलं, पण मी जागची हलले नाही.

बाईमाणसाला दोर वळणं कुठून येणार? मी दोन्ही पेड उजवीकडे पिळले आणि एकत्र वळले तेही उजवीकडेच. हात काढला की दोर मोकळा. ह्यांच्या कपाळावर आठी आली. तीन महिन्यांतली पहिली आठी! मला ती फार आवडली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी रामराव दारात येऊन म्हणाले, "परवा पहाटे निघाचं. त्याचे कपडे बांधून ठेव."

मला रडू फुटलं. हात सैल पडले. तेवढ्यात समोरून दोराला हिसका बसला.

"असं नाई," हे म्हणाले. आवाज पार बसलेला. "पेड उजवे, तं वळ डावा. धर नीट."

रामराव मटकन उंबऱ्यावरच बसले. परवाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मी डोळे पुसायला एक हात उचलला, तर हे खेकसले, "अवं, सोडू नको ना!"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, इतकं गोड मला कुणी बोललं नव्हतं. डोळे वाहू दिले, पण टोक नाही सोडलं.