खजिन्याचं कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूही नये. मी स्वतः कुणावर विश्वास ठेवत नाही, मग तुम्ही माझ्यावर कशाला ठेवता? संशय हा माझा धंदाच आहे, मित्रांनो. दारापुढे आलेला माणूस चोर, आणि न आलेला म्हणजे अजून यायचा राहिलेला चोर, एवढं धरूनच मी जन्माला आलो.

ज्या कासारानं मला ओतलं, त्यानं माझ्यात एक अख्खी तोफ वितळवली. वजन तीन शेर. किल्लीच्या भोकावर मोराचं टोपण. मोर बाजूला सरकवला की भोक दिसतं. आभाळ भरून आलं की हा मोर पिसारा फुलवायचा. ज्यांनी पाहिलं ती माणसं आता हयात नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

आखाडा बाळापूरच्या बाजारापासून दोन कोसांवर एका जमीनदाराची गढी होती. तिच्या दक्षिणेच्या खोलीत त्याचा खजिना होता आणि त्या खोलीच्या दारावर मी होतो. आतल्या सोन्याचा उजेड फटीतून असा बाहेर पडायचा, की गढीतले कोंबडे दिवसातून चार वेळा आरवायचे. एकदा पेंढारी आले. त्यांनी दाराला साखळदंड बांधून हत्ती जुंपला. हत्तीनं जोर केला तशी भिंत हलली, फळी फाटली, ज्यात मला अडकवलं होतं तो लोखंडी कोयंडा फळीतून उपटून आला. पण मी काही उघडलो नाही. तो कोयंडा आजही माझ्या कडीत अडकलेला आहे. त्या गडबडीत किल्ली कयाधू नदीत पडली आणि मगरीनं गिळली, म्हणून पुढे मला कुणाला उघडता आलं नाही.

खजिना वाचला. जमीनदार खूश झाला. त्याचा खजिनदार होता राणोजी. काय हवं ते माग, असं धनी म्हणाला. राणोजीनं सोनं मागितलं नाही, मला मागितलं. असा मी कोयंड्यासकट त्याच्या घरी आलो आणि त्याच्याच वंशात राहिलो.

ही हकिगत मी कुणाच्या तोंडून ऐकली असं विचाराल, तर राणोजीच्या खापरपणतूच्या, शिरड शहापूरच्या सटवाजीच्या. त्यानं ती त्याच्या आज्याकडून ऐकलेली. प्रत्येक पिढीनं थोडं सोनं वाढवलं आणि हत्ती तर सटवाजीनं स्वतः घातला. मी कधी नाही म्हटलं नाही. कुलपाला कुणी खजिन्याचं म्हणत असेल, तर कुलपानं मध्ये का बोलावं?

माझा मान मोठा होता. दर दसऱ्याला औत, विळे, करवत यांच्या रांगेत मी पहिला. मला नि कोयंड्याला तेल लावायचे, वर शेंदूर फासायचे. पुढच्या वर्षी त्याच्यावर पुन्हा शेंदूर. दीडशे दसरे झाले असतील. कोयंड्याचे फळीत घुसणारे दोन पाय तर शेंदराच्या ढेकळात पार बुडाले. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मी पोत्यामागे पडून असायचो आणि झुरळांवर संशय घ्यायचो.

यंदा सटवाजीनं नवं घर बांधलं. दारावर लावायला संगमरवरी फरशी सांगितली, तिच्यावर ‘खजिनदार निवास’ कोरायचं होतं. बाळापूरचा फरशीवाला मजकुरासाठी रोज फोन करायचा. पण सटवाजीची नात वैष्णवी आडवी आली. ती शिकायला बाहेर होती, तिथं सुटीत मोडी लिपी वाचायला शिकली होती. तिचं म्हणणं एवढंच, की कोरलेलं पुसता येत नाही, आधी कागद पाहू. जमीनदाराच्या वंशातले शंकरसिंग अजून गढीच्याच गावात राहतात आणि मूळ पुरुषाचं मृत्युपत्र त्यांच्याकडे आहे, हे तिनं शोधून काढलं होतं. सटवाजीला नातीचा संशय आला. आपल्याच लेकराला आपल्या आज्याची खात्री पटू नये, याचं त्याला वाईट वाटलं. तरी तो तिच्याबरोबर निघाला, आणि पुरावा म्हणून मला पिशवीत घेतलं.

शंकरसिंगचं घर आता सिमेंटचं आहे. आम्ही गेलो तेव्हा त्यानं आधी पिशवीकडे पाहिलं, मग वैष्णवीच्या मोबाइलकडे.

“हिस्सा मागाया तर न्हाई आलात ना, मामा?” तो म्हणाला. “मागल्या साली एक जण असाच आज्याचं नाव विचारत आला, अन् जाताना सातबारा मागून राहिला.”

सटवाजी म्हणाला, की आम्हाला काडी नको, फक्त खजिनदार हा एक शब्द पाहायचा आहे. शंकरसिंगला तो शब्द आणखीच संशयाचा वाटला. खजिनदार म्हटलं की पुढे खजिना आलाच. शेवटी त्याची बायको मालनबाई आतून बांबूचं नळकांडं घेऊन आली आणि म्हणाली, की दाखवून टाका, आपल्याला तरी कुठं वाचता येतं.

पण शंकरसिंगला थोडं वाचता येत होतं. कागद उलगडला तेव्हा त्यानं अंगठा एका ओळीवर ठेवला आणि उचललाच नाही. ते माझ्या बरोबर ध्यानात आलं. लपवणाऱ्याचा हात कसा असतो, हे मला शिकवावं लागत नाही.

वैष्णवी अंगठ्याच्या वरचं वाचू लागली. थोरल्या मुलाला गढी आणि काळी जमीन. मधल्याला बैल चार, नावं हरण्या, ढवळ्या, मोत्या, पाखऱ्या. म्हशी दोन, एक गाभण. तांब्याचे हंडे, वजनासकट. राणोजी कुठं नव्हता. खजिनदारही नव्हता, आणि खरं सांगायचं तर खजिनाही नव्हता.

“अंगठ्याखाली हाय तो,” सटवाजी म्हणाला. “उचला सायेब. काहून दाबून धरलाय?”

शंकरसिंग म्हणाला, की तिथं कागद फाटलाय, हात काढला तर तुकडा पडेल. कुणाचाच विश्वास बसला नाही. विषय बदलावा म्हणून त्यानं पिशवीत काय आहे ते विचारलं. सटवाजीनं मला बाहेर काढलं. मोर पाहून मालनबाई उठली, देवघरात गेली आणि एक लांब किल्ली घेऊन आली. सासूनं तिला सांगितलं होतं, की ही पूर्वजांची आहे, कशाची ते माहीत नाही, पण टाकायची नाही.

आता मगरीचं काय सांगू, मित्रांनो? एखाद्या मगरीनं परत आणून दिली असेल.

सटवाजीचा चेहरा मात्र उजळला. किल्ली यांच्या घरी, कुलूप आपल्या घरी, म्हणजे गोष्ट खरी. तो शंकरसिंगला म्हणाला, की आता तरी कबूल करा, आमचे आजे तुमचा खजिना सांभाळत होते.  शंकरसिंगनं मान खाली घातली.

“उचला हो तो अंगठा,” मालनबाई हलकेच म्हणाली. “आपून थोडंच लिहिलंय ते?”

त्यानं अंगठा उचलला. कागद कुठंही फाटलेला नव्हता. वैष्णवीनं ती ओळ आधी मनात वाचली. मग पुन्हा एकदा. सटवाजी म्हणाला, मोठ्यानं वाच.

“धाकट्या मुलास,” तिनं वाचलं, “दक्षिणेची खोली, तिचं मोराच्या टोपणाचं पितळी कुलूप किल्लीसह, अन् आतली बटीक एक, पोरासह.”

बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई. तिचं काम, तिची लेकरं, सगळं धन्याचं. त्या कागदावर बैलांना नावं होती. माझा मोरसुद्धा लिहिलेला होता. तिच्यापुढे फक्त ‘एक’ होतं.

 शंकरसिंगनं पाण्याचा तांब्या सटवाजीपुढे सरकवला. सटवाजीनं घेतला नाही.

“राखणीला बसवली असंल आत,” तो म्हणाला. “एवढा खजिना. कुणीतरी भरवशाचं माणूस आत लागतंच की.”

मीही हेच म्हणणार होतो. राखणीलाच होती ती. खजिन्याची राखण आतून, माझी बाहेरून. मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, त्यांना तेल घालावं, दसऱ्याला पुजावं. पण त्यांना फार प्रश्न विचारू नयेत आणि त्यांच्या किल्ल्या तर कधीच शोधू नयेत. ही माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे.

वैष्णवीनं मोर बाजूला सारला आणि किल्ली फिरवली. मी अडून बसायचा प्रयत्न केला. पण दीडशे वर्षं तेल पाजलेलं कुलूप किती अडणार? कडी सुटली. कोयंडा फरशीवर आपटला आणि त्याच्यावरचं शेंदराचं ढेकूळ फुटलं.

आता एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली नव्हती. सटवाजी शेती करता करता गावातली दारं बसवून देतो. चाळीस वर्षं त्याच्या हातानं कोयंडे ठोकले गेलेत. त्यानं खाली वाकून तो उचलला, शेंदूर नखानं खरवडला आणि कोयंड्याचे दोन्ही पाय उजेडात धरले. टोकं ठेचून चपटी झालेली होती. त्यांच्यावर दगडाचे बारीक घाव होते, एकावर एक, कितीतरी.

“हत्तीनं ओढला असता तर पाय ताणले असते,” तो म्हणाला. आवाज दार पाहायला बोलावलेल्या माणसासारखा होता. “पाय फळीतून आत काढून तिथं वळवतो आपण. हे कुणीतरी आत बसून सरळ केलेत. मग दगडानं बाहेर ठोकलेत. लई दिवस ठोकलं असंल. कुलूप आपल्या घरी आलं ते असं.”

मी सांगू पाहिलं, की पेंढाऱ्यांचा हत्ती फार हुशार होता.

सटवाजीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोयंडा त्यानं मुठीत घट्ट धरला होता. मला तिथंच फरशीवर सोडून तो उठला.

“त्या फरशीवाल्याला फोन लाव, वैष्णवी. थांब म्हणावं. खोटं हाय ते. खजिना कधी आतून कोयंडा ठोकत न्हाई.”