रुतलेलं नख

पायाच्या अंगठ्याचं नख दुखतंय, एवढ्यासाठी दवाखान्यात जायचं हे रामचंद्रच्या घरात कुणाला सुचलंच नसतं. तुमच्या-माझ्या घरात तरी कुठे सुचतं? ताप आला की आपण गोळी आणतो, दात ठणकला की डॉक्टर गाठतो. पायाचं नख मात्र आपण स्वतःच ब्लेडनं कोरतो, वर हळद दाबतो आणि लंगडत कामाला लागतो.

रामचंद्रचं रामनगरात बेळगाव-गोवा रस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं. त्याची मुलगी रक्षा फॉरेस्ट गार्डच्या भरतीची तयारी करत होती. लेखी परीक्षेत ती निवडली गेली होती, आता शिरसीला धावण्याची चाचणी होती. रोज सकाळी ती जंगलाकडच्या मातीच्या रस्त्यानं धावायची. पायात मावसबहिणीचे जुने बूट असायचे. ते पुढून आवळायचे, पण चांगल्या स्थितीतले बूट टाकायचे कशाला, म्हणून ती ते वापरत राहिली.

आवळणाऱ्या बुटांनी अंगठा दुखायला लागला, तसं रक्षानं नखाचे कोपरे खोलवर गोल कापून टाकले. त्यानं दोन दिवस बरं वाटलं आणि मग दुखणं दुप्पट झालं. नखाची कड मांसात शिरली होती. अंगठा लाल झाला, मोजा घालतानाही डोळ्यांत पाणी यायला लागलं.

"आप्पा, दवाखान्यात दाखवू या का?" तिनं विचारलं.

"नखासाठी दवाखाना? लोकं हसतील की गं," रामचंद्र टायरवरची नजर न काढता म्हणाला. "बाजारात भिकाजी बसतोय न्हवं? त्याच्याकडं जाऊ. बसल्या जागी काढून देतोय."

भिकाजी म्हणजे बाजाराच्या दिवशी बस स्टँडच्या भिंतीशी पोतं अंथरून बसणारा माणूस. कुरूप काढायचा, नखं काढायचा. शेजारी एक पत्र्याचा डबा, त्यात ब्लेड, चिमटा आणि कसल्याशा जांभळ्या औषधाची बाटली. लांबच्या दिग्गी गावाकडून बाजाराला आलेली माणसंही त्याच्यापुढे पाय पसरून बसायची. रक्षा बसली तेव्हा त्यानं आधीच्या माणसाला वापरलेलं ब्लेड धोतराच्या सोग्याला पुसलं आणि तिच्या अंगठ्याच्या कडेला घातलं. ती ओरडली, तसे रामचंद्रनं तिचे खांदे धरून ठेवले.

"झालं, झालं," भिकाजी म्हणाला. "उद्या हरणावानी पळशील."

शिरसीच्या मैदानावर ती उभी राहिली तेव्हा अंगठा वांग्यासारखा सुजला होता. पहिली फेरी तिनं दात आवळून काढली. दुसऱ्या फेरीत बुटात काहीतरी ओलं ओलं झालं आणि पाय टेकवेना. तिच्या मागून येणाऱ्या मुली एकेक करून पुढे गेल्या. रक्षा मैदानाच्या कडेला बसली. बूट काढला तर मोजा पू आणि रक्तानं भिजलेला. चाचणी घेणारे साहेब वाकून म्हणाले, "पुढच्या भरतीला ये बाळ." पुढची भरती कधी निघेल हे त्यांनाही माहीत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये रामचंद्र तिचे बूट मांडीवर घेऊन बसला होता. रक्षा खिडकीबाहेर बघत होती, आणि तिच्या डोळ्यांपुढे सारखा एकच माणूस येत होता.

"मी त्याला सोडणार न्हाई आप्पा," रामनगर जवळ आल्यावर ती म्हणाली. "त्याचं बसणं, त्याचं नाव, समदं घालवते. भीक मागायला लावते त्याला."

दवाखान्यात तिला नेलं ते तेव्हा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर सुमंगला मूळच्या घाटाखालच्या, कन्नड बोलणाऱ्या, पण इथल्या माणसांशी मराठीत बोलायच्या. त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी इंजेक्शन देऊन तो बधिर केला आणि मांसात रुतलेली नखाची तेवढीच पट्टी अलगद काढली. रक्षाला कळलंही नाही.

"एवढंच होतं?" तिनं विचारलं.

"एवढंच. आणि सुरुवातीला आली असतीस तर कदाचित एवढंही लागलं नसतं. कोमट मिठाच्या पाण्यात पाय ठेवायचा, सैल चप्पल घालायची, नखाच्या कडेखाली थोडा कापूस सारून ती हलकी उचलून ठेवायची, बऱ्याचदा त्यावर भागतं. पू झाला, लाली पसरली की मात्र घरी थांबायचं नाही. आणि नख नेहमी सरळ कापायचं. कोपरे गोल कोरलेस की वाढताना ते मांसात घुसतात."

रक्षाच्या कानात यातलं अर्धंच शिरलं. "मॅडम, त्याला जेलात घालता येईल का?"

"तक्रार करता येते. मीही वर कळवते. असं ब्लेड चालवणं गुन्हाच आहे." डॉक्टर हातमोजे काढत होत्या. "पण मला सांग, तुला त्याच्याकडे घेऊन गेलं कोण?"

रामचंद्रनं मान खाली घातली.

"मी कुणाला लाजवायला विचारत नाही. भिकाजी उठून गेला तरी त्याच्या जागी दुसरा येऊन बसेल. कारण नखाचं दुखणं हे दुखणंच नाही, असं आपण सगळे धरून चाललोय. दवाखान्यात गेलं तर लोक हसतील, ही लाज जोवर आहे तोवर त्याच्या पोत्यावर माणसं बसणारच."

"लाज-बीज मला ठाऊक न्हाई," रक्षा म्हणाली. "माझी नोकरी त्यानं घालवली."

वरची तक्रार वरच्या गतीनं चालली असती. रक्षाला तेवढा धीर नव्हता. पुढच्या बाजाराला ती पट्टी बांधलेला पाय घेऊन भिकाजीच्या समोर दगडावर जाऊन बसली. भिकाजीपुढे कुणी बसलं की ती मोठ्यानं म्हणायची, "काका, माझा पाय बघा आधी. ह्यानंच केलाय. ह्याच ब्लेडानं." आणि पट्टी सोडून दाखवायची.

माणसं उठून जायची. भिकाजी शिव्या द्यायचा, मग हात जोडायचा, मग नुसता खाली बघत बसायचा. दर बाजाराला त्याच्यापुढची माणसं कमी होत गेली. एकदा तर दिवसभर त्याच्या पोत्यावर कुणी बसलं नाही, आणि संध्याकाळी त्यानं डबा उचलला तेव्हा रक्षानं टाळी वाजवली. तिला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर अंगठा भरून आल्याचाही तिला एवढा आनंद झाला नव्हता.

त्यानंतर भिकाजी बाजारात दिसेनासा झाला. आपण जिंकलो, असं रक्षाला वाटलं.

मग एका दुपारी दुकानाच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी. ती भिकाजीची बायको पार्वती होती.

"तूच रक्षा न्हवं?" ती म्हणाली. "माझ्याबरोबर चल पोरी. तेवढं सांग त्याला की तू काय बोलणार न्हाईस."

"काय झालंय?"

"त्याचा पाय. त्याचं पण नख रुतलं हुतं, आपलं आपणच कोरलं. त्याला साखरेचा आजार हाय. आता अंगठा काळा पडलाय, वास मारतोय. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणतोय, ती पोरगी गावभर सांगेल, नखवाल्याचाच पाय सडला म्हणून. मेलो तरी जाणार न्हाई, म्हणतोय." पार्वतीनं पदर तोंडावर धरला. "त्यानं तुझं वाटोळं केलं, ठाऊक हाय मला. पर माझ्याकडं बघून चल."

रामचंद्रनं रक्षाकडं पाहिलं. रक्षा उठली आणि चप्पल घालून निघाली. पार्वतीला वाटलं, पोरीचं मन मोठं आहे. तसं काही नव्हतं. रक्षाला तो अंगठा डोळ्यांनी बघायचा होता. 'आता तुमचंच ब्लेड लावा तुमच्या पायाला,' हे त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं. वाटेनं ती ते वाक्य मनात घोळवत चालली होती.

घरात शिरताच वास आला. भिकाजी भिंतीला टेकून बसला होता, पाय उशीवर. बाजारात दिसायचा त्याहून तो निम्मा झाला होता. रक्षाला बघून त्यानं पायावर चादर ओढायचा प्रयत्न केला, पण चादर लागताच तो कळवळला. अंगठा तिला दिसला. शिरसीच्या मैदानावर तिचा झाला होता त्याहून कितीतरी वाईट.

मनात तयार ठेवलेलं वाक्य ती बोलणार, एवढ्यात भिकाजीनंच विचारलं, "पोरी, तुझं नख दवाखान्यात काढलं न्हवं? लई दुखलं का?"

त्याचा आवाज घाबरलेला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांत ब्लेड घालणारा हा माणूस सुईला भीत होता. आपण करतो तसंच डॉक्टरही करत असतील, असं त्याला वाटत होतं. त्याला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

"तुम्ही काढलं तेव्हा दुखलं," रक्षा म्हणाली. "त्यांनी काढलं तेव्हा कळलं पण न्हाई."

भिकाजी रडायला लागला. रक्षाच्या मनात आलं, अजून चार दिवस आपण असेच गप्प बसलो तर हा माणूस मरेल, आणि तो आपल्याला भिऊन मरेल. आपल्याला ते ब्लेड बंद करायचं होतं. माणूस मारायचा होता का? व्हय, मारायचाच होता, असं तिच्या आतून उत्तर आलं, आणि त्या उत्तरानं ती स्वतःच हादरली!

"मी कुणाला काय बोलणार न्हाई. चला दवाखान्यात," ती म्हणाली, आणि बाहेर येऊन तिनं रामचंद्रला फोन लावला. "आप्पा, कुणाची तरी गाडी घेऊन या. ताबडतोब."

सुमंगला मॅडमनी पाय बघितला आणि त्याच गाडीनं पुढे बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे भिकाजीचा अंगठा काढावा लागला. पाऊल वाचलं. आणखी उशीर झाला असता तर गुडघ्याखालचा पाय गेला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

हे कळल्यावर रक्षा दवाखान्यात जाऊन बसली. "मॅडम, मला आनंद व्हायला पाहिजे होता," ती म्हणाली. "झाला न्हाई. आणि राग पण गेला न्हाई."

"राग कशाला घालवतेस? राहू दे," सुमंगला मॅडम म्हणाल्या. "तुझं नुकसान झालंय, ते खोटं नाही. पण भिकाजी दवाखान्यात का येत नव्हता, ते बघ. तुझे आप्पा तुला आणत नव्हते त्याच कारणानं. लाज. ती लाज तू बाजारात बसून आणखी वाढवलीस. राग काढायचाच असेल तर त्या लाजेवर काढ."

पुढच्या बाजाराला रक्षा पुन्हा बस स्टँडशी गेली. या वेळी रामचंद्रही दुकान बंद करून तिच्याबरोबर आला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो स्वतःच सांगत होता, "पोरगी दवाखान्यात चल म्हणत हुती, मीच न्हाई म्हटलं. तुम्ही असं करू नका." आणि ज्यांचे पाय दुखत होते त्यांना रक्षा हात धरून दवाखान्यात नेत होती. साखरेच्या आजाराचा माणूस असला तर ती त्याला तिथे टेकूही देत नव्हती.

काही महिन्यांनी भिकाजी काठी टेकत तिथे आला. जुनी गिऱ्हाइकं त्याला बघून पाय पुढे करू लागली, तेव्हा त्यानं आपला अंगठा नसलेला पाय पुढे केला आणि दवाखान्याच्या वाटेकडं बोट दाखवलं. रक्षानं ते पाहिलं. ती त्याच्याशी बोलली नाही. तिनं त्याला माफ केलं का, हे विचारलं तर ती आजही म्हणते, "न्हाई." पण त्याला उन्हात उभा बघून तिनं आपल्या बसण्याची जागा त्याला दिली, हेही खरं.

मंडळी, रुतलेलं नख दिसायला एवढंसं असतं. नख नेहमी सरळ कापावं, पायाला मोकळे बूट-चप्पल घालावेत, आणि दुखू लागलं, पू झाला तर लाज न बाळगता दवाखान्याची पायरी चढावी. ज्याला साखरेचा आजार आहे त्यानं तर एक दिवसही थांबू नये. आणि ज्याच्यामुळे आपलं नुकसान झालं त्याच्यावर राग धरायचा असेल तर खुशाल धरा. पण त्या माणसाला जिवानिशी संपवून ज्या अडाणीपणानं त्याला तसं केलं तो संपत नाही. तो संपवायचा असेल तर उपचाराची वाट त्या माणसालाही मोकळी ठेवावी लागते.