खर्जाचा बंदोबस्त

धाकटीनं गिटारची सगळ्यात जाड तार छेडली आणि फळीवरच्या कपबश्या एकमेकींवर आपटायला लागल्या. मी शिवणयंत्रावर शाळेच्या गणवेशाला बाही लावत होते. टाचण्यांची डबी टेबलाच्या कडेकडे निघाली, तिला धरायला मी हात पुढे केला आणि बाही गेली तिरकी. आमचे हे मात्र जमिनीवर मांडी घालून, गिटार जोडलेल्या आपल्या पेटीकडे बघत गालातल्या गालात हसत होते. पेटी वाजली याचाच आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता. कशी वाजली, हा प्रश्न अजून त्यांच्यापर्यंत पोचायचा होता.

"बाबा, खर्ज फार आहे," धाकटी म्हणाली.

"फार म्हणजे किती?"

"म्हणजे खर्जच आहे. बाकी काही ऐकूच येत नाही."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई वर आल्या आणि काही पाडापाडी चालली आहे का, असं अगदी गोड आवाजात विचारून गेल्या. त्यांच्या छताचा दिवा हलत होता म्हणे. मी सांगितलं, घरात भूकंप तयार करताहेत, पूर्ण झाला की तुम्हाला दाखवायला बोलावते.

ही पेटी म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर. तो यांनी घरी बांधला होता, माझ्या शिवणाच्या टेबलाचं अर्धं राज्य बळकावून. हे सूतगिरणीत इलेक्ट्रिशियन होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. गिरणीनं मोडीत काढलेल्या जुन्या ध्वनिक्षेपकाचे व्हॉल्व्ह त्यांनी चिंध्यांत गुंडाळून आणून ठेवले होते, आणि माझ्या कपाटात स्वेटर कुठे ठेवायचे हा प्रश्न तेव्हापासूनचा. एकदा जेवताना धाकटी म्हणाली की गिटार व्हॉल्व्हमधून बोलते तशी दुसऱ्या कशातून बोलत नाही. ती बोलली आणि विसरली. यांनी मात्र ते मनात धरून ठेवलं. ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळला, जुन्या कपाटाचं दार कापून खोकं केलं, आणि घरभर सोल्डरिंगच्या राळेचा धूर.

त्यात वाचनालयाच्या सभागृहातला कार्यक्रम आठवड्यावर आला होता. धाकटी पहिल्यांदाच एकटी, लोकांसमोर वाजवणार होती. सभागृहात त्यांचा एक अ‍ॅम्प्लिफायर होता, पण पोरीनं आपल्या पेटीवर वाजवावं असा यांनी ध्यास घेतला होता. तोंडानं एक अक्षर बोलले नाहीत. फक्त पेटीला उचलायची कडी लावताना धाकटीचा हात मागून घेतला आणि मुठीचं माप घेतलं. एवढा संसार केल्यावर मला तेवढं पुरे होतं.

घोडं कुठं पेंड खातंय ते त्यांना त्याच संध्याकाळी कळलं. मला समजावून सांगितलं, कारण शिवणयंत्र सोडून मी कुठे पळणार. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये एक कंडेन्सर असतो, तो चाळणीचं काम करतो. यांनी तिथं ध्वनिक्षेपकातलाच घातला होता, त्याची भोकं मोठी, त्यामुळे सगळा जाडाभरडा खर्ज पलीकडे जात होता. गिटारला बारीक चाळणी लागते. मग डावा हात खिशात घालून, उजव्या हातानं, त्यांनी ती बदलली. आत वीज साठलेली असते, दोन्ही हात कधी घालायचे नाहीत, ही त्यांची गिरणीतली शिस्त. त्यांच्या सगळ्या विजारींचा डावा खिसा आधी फाटतो, तो मी शिवते.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं वाजवलं तेव्हा कपबश्या गप्प राहिल्या. जाड तार घुमली, पण आब राखून, आणि तिच्यावर बारीक तारांचे सूर मोकळे उभे राहिले. मला गाण्यातलं काही कळत नाही, तरी माझा पाय यंत्रावरून निघाला आणि मी ऐकत बसले. धाकटीनं डोळे मिटून घेतले होते. "बस," ती म्हणाली, "आता हात लावू नका."

"छे," हे म्हणाले. "अजून आहे खर्ज."

झालं. तिथून पुढे या माणसानं आमचा पिच्छा पुरवला. चाळणी आणखी बारीक केली. मग दुसऱ्या व्हॉल्व्हच्या बुडाशी एक कंडेन्सर होता, तो काढला. मग स्पीकरच्या मागची फळी काढली. प्रत्येक वेळी धाकटी वाजवायची, हे मान हलवायचे आणि म्हणायचे, वरचे सूर अजून दबलेलेच आहेत. ती सांगून थकली की बाबा, दबलेले नाहीत, आता उलट आवाज पातळ व्हायला लागलाय, पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखं वाटतंय. यांनी भीक घातली नाही. तुझ्या कानाला अजून सवय नाही, म्हणाले.

आता यांच्या कानाशी वाद घालायची सोय नव्हती. गिरणीत यांना सगळे वैद्य म्हणायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे, आणि सांगायचं की हिचं बेअरिंग या आठवड्यात जाणार. आणि ते जायचं. सुटीच्या दिवशी माणूस दारात यायचा, वैद्यांना पाठवा, अमकी मोटार काहीतरी बोलतेय. हे जेवण टाकून निघायचे, आणि मी मोटारीच्या नावानं बोटं मोडायची. अलीकडे घरात माझ्या चार हाकांना एक ओ मिळत होती, हे खरं. पण नवऱ्याला ऐकू येत नाही यात कुठल्या बाईला नवल वाटतं?

शुक्रवारी दुपारी धाकटी लवकर घरी आली. यांनी सकाळपासून आतल्या सगळ्या तारा नव्यानं लावल्या होत्या. चेहऱ्यावर समाधान होतं, जणू आता निकाल लागणार आणि यांचा पहिला नंबर ठरलेला. बटण दाबलं. व्हॉल्व्ह तांबूस झाले. आणि पेटीतून एक शिट्टी सुरू झाली. बारीक, टोकदार, दातांत शिरणारी. मी कानांवर हात ठेवले. धाकटीनं खांदे आक्रसून गिटार पोटाशी धरली. समोरच्या घरातला कुत्रा उठून भुंकायला लागला.

हे स्पीकरशेजारी वाकून, कान जाळीला लावून बसले होते. डोळे मिटलेले.

"वाजव ना," ते म्हणाले. "आता अगदी शांत आहे बघ, जरासुद्धा गुणगुण नाही."

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. सांगू नकोस, असं मला तिला खुणावायचं होतं, पण हात कानांवरच राहिले होते, आणि नेमके त्याच वेळी यांनी डोळे उघडले.

"काय झालं?"

"बाबा, शिट्टी वाजतेय," धाकटी हळू म्हणाली.

"कुठे?"

"यातूनच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी बटण बंद केलं. "गेली?" म्हणाले. गेली, आम्ही म्हटलं. पुन्हा चालू केलं, व्हॉल्व्ह तापायची वाट बघितली, आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. आम्हाला सांगावं लागलंच नाही, आमचे डोळेच बारीक झाले होते. मग पुन्हा बंद. पुन्हा चालू. तीच शिट्टी, आणि तिच्यासमोर कान देऊन बसलेला हा माणूस. शेवटी धाकटीनंच उठून भिंतीतली पिन काढली.

"म्हणजे खर्ज पेटीत नव्हताच, माझ्या कानात होता," ते म्हणाले. "तू सांगत होतीस पातळ झालं, पातळ झालं. मी म्हणत होतो, हिला कळत नाही."

आणि उठून गॅलरीत गेले.

मी मागोमाग गेले नाही. बाहीची शिवण उसवत बसले, आणि उसवता उसवता मला रडू आलं. गिरणीतल्या खडखडाटानं कान जाऊ नयेत म्हणून सगळ्यांना कानात घालायला कापसाचे बोळे देत असत. बाकीचे घालायचे. यांनी जन्मात घातले नाहीत, कारण बोळे घातले तर मोटारी काय म्हणताहेत ते ऐकू कसं येणार? मी तेव्हा तक्रार केली असती तरी त्यांनी ऐकलं नसतं, आणि वैद्यांची बायको म्हणून मीही मिरवत होतेच. कान जपून ठेवायची वस्तू आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं, ते वापरायचे होते आणि त्यांनी ते वापरले.

रात्री जेवताना ते धाकटीला म्हणाले, "तू त्यांचाच अ‍ॅम्प्लिफायर घे. हे यंत्र माझ्या कानावर बांधलेलं आहे, लोकांच्या उपयोगाचं नाही."

तिनं घास खाली ठेवला. ही पोरगी माझ्यावर गेली आहे, पटकन रडत नाही, आधी चिडते.

"मग माझ्या कानावर बांधा," ती म्हणाली.

"आणि तुला वाटेल की बापाचं मन राखायला हो म्हणावं."

"नाही म्हणणार. खोटं हो म्हटलं तर परवा तिथं फजिती माझीच होणार आहे ना?"

ते यांना पटलं. मायेच्या बोलण्यानं हा माणूस हलला नसता.

शनिवारी सकाळी दोघं बसले. आधी शिट्टी. बाहेर जाणारी एक तार आत येणाऱ्या तारेच्या फार जवळ गेली असणार, हे यांनी कान न वापरता सांगितलं. माझी लाकडी विणायची सुई मागून घेतली, डावा हात खिशात घातला, आणि सुईच्या टोकानं एकेक तार हलवत गेले. "आहे?" "आहे." "आता?" "आहे." "आता?" धाकटी थांबली, कान दिला. "गेली." मग कंडेन्सर. काढलेले सगळे त्यांनी समोर मांडले आणि चिमट्यांनी एकेक लावून बघायला सुरुवात केली. ती वाजवायची, नाही म्हणायची, ते दुसरा लावायचे. एकदा त्यांच्या तोंडून निघालंच, "यात खर्ज फार वाटतो गं." ती म्हणाली, "नाही बाबा, हाच." त्यांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग सोल्डरिंगचं गरम टोक उचललं आणि तिनं सांगितलेला कंडेन्सर कायमचा जोडून टाकला.

मला त्या वेळी त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा गिरणीतल्या कुठल्याच मोटारीपायी वाटला नव्हता. बोलून दाखवला नाही. चहा मात्र न मागता दिला, त्यावरून त्यांना शंका आलीच.

रविवारी सभागृह बऱ्यापैकी भरलं. आम्ही पहिल्या रांगेत. धाकटीनं पेटी खुर्चीवर ठेवली, तार जोडली, यांच्याकडे एकदा बघितलं आणि वाजवायला लागली. पहिल्या काही सुरांतच मला कळलं की हा तोच आवाज, ज्यानं माझा पाय यंत्रावरून निघाला होता. मी यांचा हात धरायला वळले, तर हे खुर्चीत पूर्ण मागे फिरून बसले होते. स्टेजकडे पाठ, तोंड लोकांकडे.

"अहो, पोरगी वाजवतेय," मी कुजबुजले. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

ते चेहरे बघत होते. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत, सावकाश, कुणालाही न गाळता. एका म्हाताऱ्यांची हनुवटी तालावर हलत होती, तिथं ते थोडे थांबले. एका बाईनं पिशवीत हात घालून काहीतरी शोधायला घेतलं होतं, तिचा हात पिशवीतच राहून गेला होता. धाकटी बारीक तारांवर वर वर चढत गेली, जिथं यांच्यासाठी आता काहीच उरलं नव्हतं, तेव्हा ते खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून पुढे झुकले. मागच्या रांगेतल्या एका लहान मुलीनं तोंड उघडं टाकून स्टेजकडे बघितलं, तिच्याकडे ते किती वेळ बघत राहिले.

आमच्या मागच्याच खुर्चीवर, त्यांच्या तोंडासमोर बसलेल्या गृहस्थांना ते खटकलं असावं. ते माझ्याकडे वाकून जरा रागानंच म्हणाले, "एवढं सुंदर वाजवतेय ती मुलगी, आणि हे पाठ करून बसलेत."

"ऐकताहेत ते," मी म्हटलं.