हबसाणे

अनुपमा हबसाणेला बघायला मुलुंडहून पाहुणे आले ते १९८६ च्या मार्चमध्ये. बोरीवलीत त्यांच्या सोसायटीत या आडनावाचं दुसरं घर नव्हतं. अख्ख्या मुंबईत नाही, असं तिचे वडील धोंडिराम सांगत. आपले पूर्वज राजस्थानातले हाडा रजपूत, हाडाचं बिघडत बिघडत हबसाणे झालं, ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की वर्गणी मागायला येणारी पोरं त्यांना ठाकूरसाहेब म्हणत. अनुपमा सीप्झमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होती. उंच, काळीसावळी, आणि केस इतके कुरळे की आई दर रविवारी तेलानं थापून थापून तिची वेणी घालायची.

मुलाचं नाव नंदकिशोर. त्याच्यासोबत त्याचे मामा विद्याधर आले होते, निवृत्त हेडमास्तर. पोहे खाऊन झाल्यावर मामांनी आडनावाचा विषय काढला. धोंडिरामांनी रजपुतांपासून सुरुवात केली, पण मामांनी त्यांना मध्येच थांबवलं. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखाला पूर्वी हबसाण म्हणत, ते म्हणाले. हबशांचा मुलूख. हे हबशी आफ्रिकेतून आलेले, कोणी गुलाम म्हणून, कोणी खलाशी, कोणी शिपाई. शब्दकोडं सुटल्यासारखे ते खुशीत बोलत होते. बोलता बोलता त्यांनी अनुपमाकडे पाहिलं.

"केस बघूनच मला शंका आली होती," ते म्हणाले.

धोंडिराम घाईघाईनं म्हणाले, "छे हो. तिला लहानपणी टायफॉईड झाला होता. तेव्हापासून तसे झाले."

अनुपमाला टायफॉईड कधीच झाला नव्हता. नंदकिशोर पंख्याकडे बघत बसला. तिनं हातातला ट्रे टेबलावर आपटला आणि ती आत निघून गेली. मामांचं बोलणं तिला खुपलं होतंच, पण ते परके. स्वतःच्या बापानं चार लोकांत तिचे केस रोगात जमा केले, याचा संताप तिच्या कानशिलांत ठणकत राहिला. पाहुणे गेल्यावर तिनं विचारलं, तर धोंडिराम म्हणाले, विषय संपला, पुन्हा काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि घाटकोपरला जानकीआत्याकडे गेली. आत्या धोंडिरामांची थोरली बहीण. तिनं आधी बरेच आढेवेढे घेतले, मग भाताचा कुकर उतरवून ठेवला आणि सांगायला बसली. मामांचं म्हणणं खरं होतं. आत्या आणि धोंडिराम यांच्या आजोबांचा बाप जंजिऱ्याजवळच्या राजपुरीचा, नवाबाच्या पागेत शिपाई. त्यानं एका कुणब्याच्या मुलीशी घर मांडलं. तो वारला तेव्हा धाकटा मुलगा आईबरोबर तिच्या माहेरी आला आणि हिंदू म्हणून वाढला, थोरला चुलत्याकडे मुसलमान म्हणून. आडनाव मात्र दोघांनी एकच लावलं. दिवाळीला ते यायचे, ईदला हे जायचे. थोरल्याच्या वंशातला इस्माईल आता गोवंडीत जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान चालवत होता. तो आणि धोंडिराम लहानपणी एका ताटात जेवलेले.

मग हे नाव मी कधीच कसं ऐकलं नाही, अनुपमानं विचारलं. आत्या म्हणाली, ते इस्माईललाच विचार.

तिथूनच ती बसनं गोवंडीला गेली. दुकान सापडायला वेळ लागला नाही. आत बसलेल्या माणसाचे केस पांढरे होते, पण थेट तिच्यासारखे. तिला एकदम हसू आलं. तिनं नाव सांगितलं, कोणाची मुलगी ते सांगितलं.

इस्माईलनं तांब्याच्या तारेवरची नजर काढली नाही. "घर चुकलीस," तो म्हणाला. "बोरीवलीचे हबसाणे आमचे कोणी लागत नाहीत."

ती गोंधळून उभी राहिली, तेव्हा त्याची बायको जुबेदा मागच्या खोलीतून बाहेर आली आणि तिनं झालं ते सांगितलं. काही वर्षांपूर्वी आपल्या थोरल्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला इस्माईल बोरीवलीला गेला होता. धोंडिरामांकडे सोसायटीचे सेक्रेटरी बसलेले. धोंडिराम दारातच म्हणाले, तुम्ही चुकून आलात, ते हबसाणे आम्ही नव्हे. दार लागल्यावर आतून त्यांचा आवाज आला, लोक भलत्याच घरी येतात म्हणून.

तरी अनुपमानं मुलुंडच्या पाहुण्यांचं सांगितलं, आणि राजपुरीच्या शिपायाबद्दल विचारलं.

आता इस्माईलनं तार खाली ठेवली. "लग्न अडलं म्हणून तुला तो शिपाई आठवला. तो कोण होता ते विचारतेस. आणि मी कोण? माझी पोरगी कशी आहे, ते विचारलंस?"

जुबेदानं दिलेला चहा अनुपमानं उभ्यानंच प्यायला आणि ती निघाली.

घरी आई हसत सामोरी आली. शेजारच्या फोनवर मुलुंडहून निरोप आला होता. मुलगी पसंत आहे, लग्नानंतर आडनाव बदलणारच, त्यामुळे प्रश्न मिटला. फक्त हे चारचौघांत बोलू नये, एवढीच मामांची अट. धोंडिरामांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं.

"मी इस्माईलकाकांकडे जाऊन आले," अनुपमा म्हणाली.

धोंडिराम उसळून बोलायला लागले. तरुणपणी गिरणीत कामाला असताना त्यांना कोणी नावानं हाक मारत नव्हतं. मुकादमापासून पोऱ्यापर्यंत सगळे हबशी म्हणायचे, आणि ते ओ द्यायचे. इथे राहायला आल्यावर त्यांनी ठरवलं, पोरीच्या कानावर तो शब्द पडू द्यायचा नाही.

"काल आपल्याच घरात पडला," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही मला आजारी ठरवलंत. आणि काकांना परकं. उद्या माझ्याबरोबर गोवंडीला चला."

"नाही जमणार."

"का?"

"कुठल्या तोंडानं जाऊ?" ते ओरडले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तिनं आणखी काही विचारलं नाही. शेजाऱ्यांकडे जाऊन तिनं मुलुंडला फोन लावला आणि हे लग्न मला करायचं नाही, असं विद्याधरमामांना सांगितलं. ते समजुतीच्या सुरात बोलू लागले, आमचं मन मोठं आहे म्हणाले. तिनं फोन ठेवून दिला. आई रडली. धोंडिरामांनी अनुपमाशी बोलणं टाकलं, आणि तीही आपणहून बोलायला गेली नाही. दोघं एकाच घरात आळीपाळीनं जेवू लागले.

मे महिन्यात एका रविवारी ती पुन्हा गोवंडीला गेली. या वेळी तिनं दुकानाबाहेरूनच विचारलं, ताई कशी आहे, कुठे असते. इस्माईलनं हातातली तार बाजूला ठेवली.

"पनवेलला असते. दोन पोरं आहेत." मग त्यानं विचारलं, "धोंडूनं पाठवलं?"

"नाही. ते यायचे नाहीत. मला त्यांचा फार राग येतो, काका."

"मलाही येतो," इस्माईल म्हणाला, आणि त्यानं पायानं स्टूल तिच्याकडे सरकवलं. "बस."